कॉल नेमका कुठून जातो? मोबाइलच्या पिढ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकात मोबाइल नेटवर्कविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत तक्रारीचा सूर आहे आणि तो रास्त आहे. पण बिघाड फोनमध्ये आहे, हवेत आहे की कंपनीच्या यंत्रांत, हे ओळखायचं तर या जाळ्यात कोण कुठलं काम करतं ते आधी ठाऊक हवं. सारख्या आशयाचे प्रश्न एकाखाली आणले आहेत.

प्रश्न : २जी, ३जी, ४जी, ५जी यांत फरक फक्त वेगाचा आहे का? तसं असेल तर दर दहा वर्षांनी सगळी यंत्रं बदलायची काय गरज?

वेग हा परिणाम आहे. पिढी बदलते तेव्हा मुळात दोन गोष्टी बदलतात. एक, तीच हवा, म्हणजे रेडिओ लहरींची मर्यादित जागा, अनेकांना वाटून कशी द्यायची; दोन, फोनविषयीचे निर्णय जाळ्यातल्या कुठल्या यंत्राने घ्यायचे. जाहिरातींत यातलं काहीच येत नाही, पण रोजच्या अनुभवातल्या बहुतेक अडचणींचं मूळ याच दोन गोष्टींत असतं.

सेलची कल्पना सगळ्या पिढ्यांत एकच राहिली. भूभागाचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येकात कमी ताकदीचं प्रक्षेपण ठेवायचं आणि थोड्या अंतरावरच्या तुकड्यात तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग्लस रिंग यांनी १९४७ मध्ये एका टिपणात ती मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला १९७९ (टोकियो), १९८१ (नॉर्डिक देश) आणि १३ ऑक्टोबर १९८३ (शिकागो) या तारखा उजाडाव्या लागल्या. कारण हजारो फोन कुठे आहेत याचा हिशेब ठेवणारी स्वस्त इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तोवर नव्हती.

शिकागोच्या पद्धतीत, म्हणजे १जीत, एका संभाषणाला ३० किलोहर्ट्झचा एक पट्टा पूर्ण वेळ अडकून पडायचा. आवाज अॅनलॉग असल्यामुळे योग्य रिसीव्हर असलेल्या कुणालाही तो ऐकता यायचा. २जीच्या जीएसएम या पद्धतीने २०० किलोहर्ट्झचा पट्टा घेऊन त्याचे वेळेत आठ भाग केले आणि आठ जण पाळीपाळीने बोलू लागले. ३जीने ५ मेगाहर्ट्झचा पट्टा सगळ्यांना एकाच वेळी दिला आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळ्या सांकेतिक क्रमात गुंफलं. ४जीने पट्ट्याचे १५ किलोहर्ट्झचे बारीक धागे केले. २० मेगाहर्ट्झमध्ये असे १२०० धागे बसतात आणि ते दर मिलिसेकंदाला नव्याने वाटले जातात. ५जीत धाग्यांची तीच पद्धत आहे, पण धाग्याची जाडी १५, ३०, ६० किंवा १२० किलोहर्ट्झ ठेवता येते आणि पट्टा १०० मेगाहर्ट्झपर्यंत, अतिउच्च फ्रिक्वेन्सीवर ४०० पर्यंत रुंद होतो.

निर्णयांचा प्रवास पाहायचा तर चालत्या गाडीतला कॉल घ्या. एका टॉवरवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे कोण ठरवतं? १जीत आजूबाजूचे टॉवर तुमचा आवाज किती जोरात येतो ते मोजायचे आणि दूरचं एक्स्चेंज ठरवायचं. फोनला काही विचारलं जात नसे. २जीत फोन स्वतः शेजारचे सहा चांगले टॉवर मोजून दर ४८० मिलिसेकंदांनी कळवू लागला आणि निर्णय बीएससी नावाच्या मधल्या नियंत्रकाकडे आला. ३जीत तो आरएनसी या नियंत्रकाकडे होता. ४जीने मधला नियंत्रकच काढून टाकला. टॉवरपाशी बसलेला ईनोडबी शेजाऱ्याशी थेट बोलून फोन त्याच्या हवाली करतो. एकेक पायरी गळाली तसा उशीर कमी झाला. आमच्या मते ३जी आणि ४जी यांच्यातला खरा फरक हा आहे, मेगाबिटचे आकडे नंतर येतात.

प्रश्न : मी कुठे आहे हे फोन लावणाऱ्याला माहीत नसतं. मग कॉल बरोबर माझ्याच फोनवर कसा येतो? आणि फोन चालू असूनही ‘संपर्क होऊ शकत नाही’ असं का ऐकवतात?

२जीचं उदाहरण घेऊ. पुढच्या पिढ्यांत नावं बदलली, पण सांगाडा तिथूनच आला आहे.

टॉवरवरचं रेडिओ यंत्र म्हणजे बीटीएस. अनेक बीटीएस एका बीएससीला जोडलेले असतात आणि अनेक बीएससी एका एमएससीला, म्हणजे मोबाइलच्या एक्स्चेंजला. याशिवाय दोन नोंदवह्या असतात. एचएलआर ही तुमच्या कंपनीची कायमची वही आणि व्हीएलआर ही त्या त्या एक्स्चेंजची पाहुण्यांची वही.

तुमचा नंबर लावला की कॉल तुमच्या कंपनीच्या वेशीवरच्या एमएससीकडे येतो. ते एचएलआरला विचारतं. एचएलआरला तुमचा टॉवर माहीत नसतो. तुमची नोंद सध्या कोणत्या व्हीएलआरमध्ये आहे एवढंच त्याला ठाऊक असतं. तो त्या व्हीएलआरकडून एक तात्पुरता नंबर मागून घेतो. हा नंबर फक्त हा एक कॉल त्या एक्स्चेंजपर्यंत आणण्यापुरता असतो, लगेच दुसऱ्या कुणासाठी वापरला जातो. कॉल तिथे पोचला की तुम्ही ज्या टापूत, म्हणजे शेजारशेजारच्या अनेक सेलच्या गटात, आहात त्या टापूतल्या सगळ्या टॉवरांवरून एकदम हाक मारली जाते. याला पेजिंग म्हणतात. हाकेत शक्यतो तुमच्या सिमचा कायमचा क्रमांक न घेता एक तात्पुरती ओळख वापरतात.

फोन बहुतांश वेळ झोपलेला असतो आणि ठरलेल्या क्षणी जागा होऊन आपल्या नावाची हाक आहे का ते ऐकतो. असली तर उत्तर देतो आणि तेव्हा कुठे जाळ्याला तुमचा नेमका सेल कळतो. मग ओळखपरीक्षा होते : जाळं १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या पाठवतं, सिममधली गुप्त किल्ली तिच्यावर गणित करून ३२ बिटांचं उत्तर देते. किल्ली स्वतः सिमबाहेर कधीच पडत नाही. उत्तर जुळलं की बोलण्यासाठी जागा मिळते आणि फोन वाजतो.

आता दुसरा भाग. फोन नीट बंद केला तर बंद होण्यापूर्वी तो ‘मी निघालो’ असा निरोप पाठवतो, म्हणून ‘फोन बंद आहे’ हे लगेच ऐकू येतं. तळघरात किंवा लिफ्टमध्ये रेंज गेली तर असा निरोप जात नाही. जाळं तुम्हाला हजर समजून हाका मारतं, उत्तर येत नाही आणि काही सेकंदांनी ‘संपर्क होऊ शकत नाही’ लागतं. या फरकावरून पलीकडचा फोन बंद आहे की रेंजबाहेर, हे बऱ्याचदा ओळखता येतं. जाळं अशा बेपत्ता फोनची वाट कायम पाहत नाही. हजेरी लावण्यासाठी सहा मिनिटांच्या पटीत एक मुदत ठरलेली असते. ती आणि वरची थोडी सवलत उलटली की फोन गैरहजर धरला जातो.

तिसरी शक्यता त्रासदायक आहे. तुमचं घर दोन टापूंच्या नेमक्या सीमेवर असेल तर फोन कधी या टॉवरवर, कधी त्या टॉवरवर जातो आणि दर वेळी नोंद बदलतो. हाक एका टापूत पडते, फोन दुसऱ्यात नाव लिहीत असतो. बॅटरीही लवकर उतरते. यावर ग्राहकाच्या हातात एकच उपाय आहे, वायफाय कॉलिंग चालू करणं; टापूची सीमा हलवणं कंपनीचं काम आहे. तक्रार करताना ‘रेंज आहे पण येणारे कॉल लागत नाहीत, जाणारे लागतात’ असं स्पष्ट लिहा. तंत्रज्ञाला या एका वाक्यावरून दिशा मिळते.

प्रश्न : जुना फोन स्पीकरजवळ ठेवला की कॉल येण्याआधी ‘टर्र टर्र’ आवाज यायचा. हल्ली येत नाही. का?

जीएसएममध्ये आठ जणांच्या पाळ्यांची एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांची असते. त्यातल्या आपल्या ०.५७७ मिलिसेकंदात फोन पूर्ण जोराने प्रक्षेपण करतो, ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २ वॅटपर्यंत, आणि मग गप्प बसतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद. स्पीकरची वायर अँटेनासारखी ती लहर पकडते, अॅम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर तिचा चढउतार वेगळा काढतात आणि २१७ हर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी तर कानाला सहज ऐकू येणारी. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी हा आवाज येई, कारण वर सांगितलेली हाक, उत्तर आणि ओळखपरीक्षा तेव्हा चाललेली असते.

३जीत फोन सलग आणि कमी ताकदीने प्रक्षेपण करतो. ४जीत कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते. त्यामुळे हा आवाज मागे पडला. आजही तो ऐकू आला तर फोन त्या क्षणी २जीवर आहे असं समजायला हरकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी फोन मीटरभर दूर ठेवावा, वायर आखूड ठेवावी आणि वायरीवर फेराइटचं कडं चढवावं.

प्रश्न : मराठीत एसएमएस लिहिला की एका संदेशाचे दोन-तीन संदेश धरले जातात. इंग्रजीत तसं होत नाही.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीसाठी फोन प्रत्येक चिन्हाला १६ बिट वापरतो, म्हणून ७०. आणि इथे मोजणी अक्षरांची नसून चिन्हांची असते : ‘प्रश्न’ या शब्दाची सहा चिन्हं होतात, कारण दोन्ही पाय मोडणारे हलंत वेगळे मोजले जातात. संदेश लांबला तर तुकडे जोडण्याच्या माहितीला जागा लागते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी चिन्ह किंवा इमोजी आला तरी सगळा संदेश ७० च्या हिशेबात जातो.

प्रश्न : अभ्यासात ‘सेल ब्रीदिंग’ असा शब्द आला. सेल श्वास कसा घेतो?

हा ३जीचा खास गुण आहे, आणि दोषही. तिथे सगळे जण एकाच ५ मेगाहर्ट्झमध्ये एकाच वेळी बोलतात. आपलं सोडून बाकीच्यांचं बोलणं म्हणजे गोंगाट. गर्दी वाढली की गोंगाट वाढतो. सेल निम्मा भरला की टॉवरला ऐकू येणारा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे दुप्पट होतो; तीन चतुर्थांश भरला की ६ डेसिबलने, म्हणजे चौपट. वस्तीतल्या परिस्थितीत ६ डेसिबलचा फटका म्हणजे टॉवरचा पल्ला जवळपास दोन तृतीयांशावर येतो. त्यामुळे सेलच्या कडेला राहणाऱ्यांना पहाटे रेंज असायची आणि संध्याकाळी ती जायची. टॉवर, फोन, घर सगळं तेच. गर्दीबरोबर आकसणारं आणि पसरणारं हे वर्तुळ म्हणजे सेलचा श्वास.

याच कारणाने ३जीत प्रत्येक फोनची ताकद सेकंदाला १५०० वेळा कमीजास्त केली जाते. टॉवरखाली उभा असलेला एक फोन मोठ्याने बोलला तर लांबचे सगळे त्याच्याखाली दबतात. ही दोरी इतकी घट्ट धरावी लागते की नियंत्रणातली थोडी चूकही पूर्ण सेलची क्षमता खाते. ४जीत एकाच सेलमधल्या फोनांना वेगवेगळे धागे मिळतात, त्यामुळे आपल्याच सेलमधला हा गोंगाट उरला नाही. शेजारच्या सेलचा मात्र उरला, त्याबद्दल पुढे.

प्रश्न : फोनवर ४जी दिसतं, पण बोलायला लागलं की त्या जागी ‘ई’ किंवा ‘एच’ येतं आणि इंटरनेट थांबतं किंवा रेंगाळतं. सिम खराब आहे का?

सिम असू शकतं, पण मूळ कारण वेगळं आहे. २जी आणि ३जीत बोलण्यासाठी एक्स्चेंजमार्फत पूर्ण मार्ग राखून ठेवला जाई आणि डेटाची वाट वेगळी होती. ४जीच्या गाभ्यात, म्हणजे टॉवरांमागच्या मध्यवर्ती यंत्रणेत, हे एक्स्चेंजच नाही. तिथे सगळंच डेटाच्या पाकिटांतून जातं. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत ४जी सुरू झालं तेव्हा ते फक्त इंटरनेटसाठी होतं. मग बोलायचं कसं? तात्पुरती तोड अशी निघाली की कॉल आला की फोनला खाली २जी किंवा ३जीवर पाठवायचं. तुम्हाला दिसणारं ‘ई’ किंवा ‘एच’ ते हेच. त्यात कॉल लागायला काही सेकंद जादा लागतात.

कायमचा उपाय म्हणजे व्होल्टी, ४जीवरूनच बोलणं. यात फोन आयएमएस नावाच्या वेगळ्या यंत्रणेत नोंद करतो. बोलणं दर २० मिलिसेकंदांनी एका पाकिटात भरलं जातं. इथे एक गंमतशीर अडचण होती : सेकंदाला १२.६५ किलोबिटच्या आवाजाचा माल भरतो सुमारे ३२ बाइट आणि त्यावरचा पत्ता ४० बाइट किंवा त्याहून जास्त. पत्रापेक्षा पाकीट जड. म्हणून फोन आणि टॉवर यांच्यामधला हा पत्ता आवळून साधारण ३ बाइटवर आणतात. शिवाय आवाजाला राखीव वाट मिळते आणि त्यात १०० मिलिसेकंदांच्या आत पाकीट पोचवायचं बंधन असतं. व्हॉट्सअॅपच्या कॉलला ही राखीव वाट नसते. गर्दीत तो आधी फाटतो, त्याचं कारण हेच.

तपासणी या क्रमाने करा. सेटिंगमध्ये त्या सिमसाठी व्होल्टी किंवा ‘४जी कॉलिंग’ चालू आहे का पाहा. दोन सिमच्या काही जुन्या फोनांत एकाच सिमला ४जी मिळतं. नेटवर्कची पसंती ‘४जी’ किंवा ‘५जी, स्वयंचलित’ ठेवा. सॉफ्टवेअर अद्ययावत करा, कारण व्होल्टीसाठी प्रत्येक कंपनीची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. दुसऱ्या देशासाठी बनवलेल्या फोनात ती नसते आणि सिम बदलून उपयोग होत नाही. सिम २जीच्या काळातलं असेल तर बदलून घ्या. शेवटी मोबाइल डेटा बंद करून कॉल लावा. व्होल्टीचा कॉल वेगळ्या वाटेने जातो, त्यामुळे तो सहसा तरीही ४जीवरच लागतो. दोन्ही बाजूंना व्होल्टी असेल तर फरक कानालाच कळतो : जुन्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, नव्यात ५० ते ७००० पर्यंत. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक फोनवर नीट ऐकू येऊ लागला तो यामुळे.

एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या हातात नाही. बोलता बोलता ४जीची हद्द संपली तर जाळं कॉल ३जी किंवा २जीवर उतरवतं. ते जिथे बंद केलेलं आहे तिथे उतरायला जागाच नसते आणि कॉल कट होतो.

प्रश्न : सिग्नलच्या दांड्या पूर्ण, तरी इंटरनेट चालत नाही. शेजारच्या फोनवर दोन दांड्या आणि व्हिडिओ छान चालतो.

दांड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती डेसिबलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आपापलं ठरवतात. आकडा पाहायला शिका. अँड्रॉइडमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबलं की चाचणीचा पडदा उघडतो.

४जीतल्या या आकड्याला आरएसआरपी म्हणतात. तो उणे असतो. उणे ९० च्या वर चांगला, उणे १०० चालण्यासारखा, उणे ११० ला घराच्या आतल्या खोलीत त्रास, उणे १२० ला जवळजवळ संपलं. लोक इथे एक चूक करतात, २जीचा उणे ७५ आणि ४जीचा उणे १०५ शेजारी ठेवून ‘४जी कमजोर’ म्हणतात. २जीचा आकडा पूर्ण पट्ट्यातल्या शक्तीचा असतो, ४जीचा फक्त एका १५ किलोहर्ट्झच्या धाग्यातला. १२०० धाग्यांचा हिशेब धरला तर सुमारे ३१ डेसिबलचा फरक निव्वळ मोजण्याच्या पद्धतीत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे, एसआयएनआरमध्ये : आपला सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे. २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास कामचलाऊ, शून्याखाली गेला तर दांड्या पूर्ण असल्या तरी उपयोग नाही. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर हे हमखास दिसतं. तिथून पाच-सहा टॉवर सारख्याच जोराने दिसतात. प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं बुडवतो. खिडकीतून आत सरकून टॉवरांपैकी एकच समोर राहील अशी जागा धरली की तीव्रता कमी होते आणि वेग वाढतो. करून पाहा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. दोन्ही आकडे चांगले आणि तरी वेग नाही, असं असेल तर सेलमध्ये गर्दी आहे किंवा टॉवरपासून पुढची वाट अरुंद आहे. पहाटे पुन्हा मोजलं की गर्दी होती का ते कळतं.

प्रश्न : ५जी लिहून येतं, पण वेग ४जीएवढाच. फसवणूक आहे का?

फसवणूक म्हणण्याआधी ते चिन्ह काय सांगतं ते पाहू. ५जी दोन पद्धतींनी उभारलं जातं. पहिल्या पद्धतीत ४जीचा टॉवर आणि ४जीचा गाभा कायम ठेवून वर ५जीचं रेडिओ यंत्र बसवतात. फोन आधी ४जीला जोडला जातो, निर्णय ४जीच घेतं, आणि डेटा वाढला की ५जीची वाट जोडून दिली जाते. २०१९ मध्ये पहिली व्यापारी जाळी अशीच सुरू झाली. या पद्धतीत ४जीचा टॉवर ‘इथे ५जी असू शकतं’ अशी एक खूण प्रसारित करतो आणि अनेक फोन नुसत्या त्या खुणेवर ५जी लिहितात. प्रत्यक्षात त्या क्षणी ५जीचा एक बिटही येत नसेल. दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीत ५जीचा स्वतःचा गाभा असतो आणि फोन थेट त्यालाच जोडला जातो. आमच्या मते चिन्ह प्रत्यक्ष जोडणीचंच असावं. खुणेवर चिन्ह दाखवण्याने लोकांचा विनाकारण गोंधळ झाला आहे.

मोठी फाइल उतरवायला लावून चाचणीचा पडदा पाहा. ५जीच्या पट्ट्याचा आकडा (जसं ७८) आणि त्याचा वेगळा आरएसआरपी दिसला तर जोडणी खरी आहे.

वेग न मिळण्याचं दुसरं कारण फ्रिक्वेन्सी. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद पट्टा मिळतो, पण ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत मोकळ्या हवेतच १४ डेसिबल जास्त घट होते, भिंतींची वेगळी. टॉवर ६४ छोट्या प्रक्षेपकांनी लहरींचा झोत फोनकडे वळवून ही घट भरून काढतो. फोनकडे मात्र ०.२, फार तर ०.४ वॅटच असतात. म्हणून कडेला टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला नाही, आणि अपलोड आधी कोसळतं.

या पट्ट्यात जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने चालतं. त्यामुळे सगळ्या टॉवरांची घड्याळं जुळलेली हवीत, सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत. वेळ सहसा उपग्रहाकडून घेतात. एका टॉवरचा उपग्रह अँटेना बिघडला आणि घड्याळ सरकलं तर बाकीचे ऐकत असताना तो बोलू लागतो. बिघाड एकाचा आणि आंधळे होतात आजूबाजूचे सगळे. एखाद्या परिसरात ५जीचं अपलोड अचानक सगळ्यांचंच मेलं, डाउनलोड बरं आहे, तर संशय इथे घ्यावा.

प्रश्न : ५जीच्या गाभ्यात इतकी नवी नावं आहेत की गोंधळ उडतो. जुन्या नावांशी मेळ घालून द्याल का? आणि सुरक्षितता खरंच वाढली का?

४जीच्या गाभ्यातलं एमएमई हे यंत्र दोन कामं करायचं : फोन कुठे आहे ते पाहणं आणि त्याच्या डेटाच्या वाटा उघडणं-मिटणं. ५जीत पहिलं काम एएमएफकडे, दुसरं एसएमएफकडे गेलं. डेटा प्रत्यक्ष वाहून नेणाऱ्या ४जीच्या दोन गेटवेंचं काम यूपीएफ करतो. ग्राहकांची वही, जी २जीत एचएलआर आणि ४जीत एचएसएस होती, ती आता यूडीएम. ओळखपरीक्षा घेणारा एयूएसएफ. धोरण ठरवणारा पीसीआरएफ झाला पीसीएफ. खरोखर नवा आहे तो एनआरएफ, कोण कुठे हजर आहे याची यादी ठेवणारा. हे सगळे वेगळ्या पेट्या नसून सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत आणि वेबच्या एचटीटीपी/२ भाषेत एकमेकांना विचारतात. यूपीएफ ग्राहकाजवळ ठेवता येतो, आणि फायदा तिथेच आहे. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. गाभा १००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात १० मिलिसेकंद जातात, रेडिओ कितीही चपळ असो.

परीक्षेत न विचारला जाणारा पण महत्त्वाचा मुद्दा : गाभा काही काळ बंद पडून पुन्हा उठतो तेव्हा लाखो फोन एकदम नोंद करायला धावतात. वहीवर इतका ताण येतो की ती पुन्हा कोलमडते. म्हणून फोन टप्प्याटप्प्याने आत घ्यावे लागतात आणि मूळ बिघाड मिनिटांत दुरुस्त झाला तरी सेवा सावरायला तास जातात.

सुरक्षितता वाढली आहे. २जीत जाळं फोनची ओळख तपासतं, फोन जाळ्याची तपासत नाही. त्यामुळे बनावट टॉवर उभारता येतो. ३जीपासून तपासणी दुतर्फा झाली. तरी पहिल्या नोंदणीच्या वेळी सिमचा कायमचा क्रमांक उघडा जाऊ शकायचा. स्वतंत्र ५जीत तो कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने झाकून पाठवता येतो, अर्थात कंपनीने ती सोय चालू केली असेल तर. ४जीच्या गाभ्यावर चालणाऱ्या ५जीला हे संरक्षण नाही. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनांत ‘२जी वापरू द्या’ हा पर्याय बंद करता येतो. व्होल्टी नीट चालत असेल तर तो बंद करावा. आपत्कालीन कॉल तरीही २जीवरून जाऊ शकतो.

प्रश्न : लिफ्टमधला आपत्कालीन फोन आणि पाण्याच्या टाकीचं पातळी कळवणारं यंत्र, दोन्हीत २जी सिम आहे. २जी बंद झालं तर काय बसवायचं?

दोघांना एकच उत्तर नाही. लिफ्टमध्ये बोलावं लागतं, म्हणून ४जी कॅट-१ चं (यंत्रांसाठीच्या कमी वेगाच्या ४जी प्रकाराचं) मॉड्यूल घ्या आणि त्यावर व्होल्टी तुमच्या कंपनीच्या जाळ्यात चालतं याची चाचणी विकत घेण्याआधी करून घ्या. ‘४जी आहे’ एवढ्यावर थांबू नका. व्होल्टी नसलेलं ४जी मॉड्यूल बोलण्यासाठी पुन्हा २जीच शोधेल. जुना अँटेना ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला असेल तर ७०० किंवा ८०० वर तो कमी पडतो, तोही बदला. केबिन तळमजल्यावर, दार लावून, आरएसआरपी मोजा.

टाकीच्या यंत्राला दिवसातून काही वेळा थोडे बाइट पाठवायचे असतात. त्याला एनबी-आयओटी, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीची अरुंद पट्ट्याची सेवा, पुरते. त्यात आवाज नाही, वेग कमी, पण भिंतीआड आणि जमिनीखाली रेंज जास्त पोचते, आणि यंत्र बराच काळ झोपून राहू शकत असल्याने बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. जुन्या जीएसएम मॉड्यूलला प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत झटका लागायचा, तो प्रश्नही सुटतो. तुमच्या भागात ही सेवा आहे का ते मात्र कंपनीकडून लेखी घ्या. एनबी-आयओटीचा पट्टा १८० किलोहर्ट्झचा आहे, आणि तो मुद्दाम तसा आखला आहे : जीएसएमचा २०० किलोहर्ट्झचा एक पट्टा मोकळा झाला की त्याच जागेत तो बसतो.